पोटातला गोळा

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळ. हजर: पोटविकारतज्ज्ञ, त्यांची नर्स आणि मी. बाहेर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"पिशवी," मी म्हटलं.

पिशवीत रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते. सगळे नॉर्मल. सोनोग्राफी तर माझ्या हिंदीमुळे झाली. भाईंदरला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी सांगितलं होतं, "पेट में गोला आता है।"

ते दचकलेच. "गोला? कितना बड़ा?"

मी मूठ दाखवली. मग मी टेबलावर पडून स्क्रीनवर ती मूठ शोधत राहिले.

हे नवे डॉक्टर मराठी. त्यांनी मूठ मागितली नाही. "गोळा येतो कधी?"

"शुक्रवारी. कधी गुरुवारपासूनच."

"शुक्रवारी वेगळं काय खाता?"

"काही नाही. वरणभात."

"मग असतं काय शुक्रवारी?"

"सुट्टी असते ना, मस्कतहून ह्यांचा फोन येतो."

"भांडता?"

"छे हो! छान बोलतो."

नर्स हसली, डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मेंदू आणि आतडी सतत एकमेकांना निरोप धाडत असतात. तुमच्या आतड्यांत गाठ नाही, जखम नाही. पण तिथल्या नसा फार हळव्या झाल्यात. साधा निरोपही त्यांना दुखतो. दुखणं खरं आहे, नाटक नाही. गोळ्या देतो, जेवणाच्या वेळा पाळा. आणि मनात अडकलंय ते बोला."

घरी आले. औषधं आणली, चहा एकावर आणला, संध्याकाळी खाडीपर्यंत चालायला लागले. घरातला सगळ्यात लहान कुकर लावते, तरी भात सकाळपर्यंत उरतो.

फोनवर मी गॅस, टँकर, सोसायटीची मीटिंग असं सगळं क्रमाने सांगते. या शुक्रवारीही सांगितलं.

हे म्हणाले, "बरं, ते कराराचं? कंपनीवाले अजून दोन वर्षं थांबा म्हणतायत. महिनाअखेरीला काय सांगू त्यांना?"

"विचार करून सांगते."

"महिना झाला, बाई! पंचायत बसवलीयस की काय?"

मी हसले. पोटात मूठ आवळली. "तुम्ही जेवलात का?" असं विचारून फोन ठेवला.

बाकी सगळं झालंय. महिनाअखेरीच्या आत ह्यांना 'परत या' म्हणायचंय, ते राहिलंय.