एक 'ए' आणि पालथी नाव

हसायचं असेल तर आधी कपातला चहा संपवा, नाहीतर सांडेल. पाच बायकांची नाव मी भर शर्यतीत, एका शब्दाने, पालथी घातली. पण चूक माझी होती, हे मी आजही मानत नाही!

कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या भालकीकडच्या तलावावर आमचा नौका क्लब आहे. पावसाळा सरला की मोसम सुरू. शनिवारी शिडाच्या होडीचे धडे, रविवारी वल्हवणं, आणि शिवरात्रीच्या आधी मोठी शर्यत. गेल्या साली पहिल्यांदाच बायकांची नाव उतरली. वल्ही मारायला माझ्याच चार जुन्या विद्यार्थिनी, आणि मागे बसून हाकारा द्यायला मी, इथल्याच मेहकर गावची निवृत्त मराठीची बाई. जन्मभर वर्गात ओरडले, आणखी काय शिकायचं राहिलं?

क्लबचे अध्यक्ष शरणप्पा अण्णा. त्यांना हे खुपत होतं. त्यांनी आधीच बजावलं, "बायकांची नाव शेवटपर्यंत पोचली तर पुढच्या साली ऱ्हाईल. न्हाई पोचली तर ती नाव गड्यांना."

म्हणजे बघा, जिंकायचंही नव्हतं. नुसतं पोचायचं होतं!

सराव आम्ही मराठीत केला. मी "ओढा!" म्हणायचं, चौघींनी ओढायचं. पण शर्यतीच्या सकाळी अण्णा काठावर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हाकारा मराठीतच कामून? कन्नड येत न्हाई जणू तुम्हाला."

मला येत नाही? बाजारातली घासाघीस, बसमधलं भांडण, सगळं मी कन्नडमध्ये करते! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आज हाकारा कन्नडमधूनच!"

महादेवीने माझी बाही ओढली. चौघींत तीच पुढारी. "कामून बाई? चांगलं चालायलंय की आपलं."

"तू गप बस. आज दाखवतेच यांना."

आता इथे जरा कान द्या. कन्नडमध्ये 'एळीरी' म्हणजे ओढा. आणि 'ए' लांबवून, मधली 'ई' गिळून 'एऽळ्री' म्हटलं, की उठा! आपल्या मराठीत 'ए' एकच. आखूड काय, लांब काय, आपल्याला सारखंच. कन्नड कानाला नसतं.

शिट्टी झाली. "एळीरी! एळीरी!" मी बेताने सुरुवात केली. नाव काठाकाठाने अशी सुटली की गडी मागे पडले! मला चेव चढला. अण्णांना ऐकू जावं म्हणून छाती भरून ओरडले, "एऽऽऽळ्री!"

चौघी उठल्या.

एकदम! प्रार्थनेला उठतात तशा, वल्ही हातात धरून, चालत्या नावेत!

"अगं, बसा!" म्हणेपर्यंत आम्ही पाण्यात.

पाणी छातीएवढंच होतं, अंगात तरंगती जाकिटंही होती. महादेवी तोंडातलं पाणी थुंकत ओरडली, "बाई, उठा कामून म्हणलाव?"

"मी ओढा म्हणाले!"

"उठा म्हणलाव!"

"अगं, चालत्या नावेत कुणी उठा म्हणेल का?"

"तुम्ही म्हणलाव की! अन् शाळेपासून सवय हाय आमची. बाई उठ म्हणल्या की उठायचं."

काठावर अण्णा पोट धरून हसत होते. मग मी गप्प बसते होय? तिथेच पाण्यात उभी राहून, हातवारे करत, मी त्यांना माझा उच्चार कसा बरोबर होता ते समजावू लागले. अगदी उदाहरणांसह! आणि वळून बघते तर काय? पोरींनी नाव सुलटी केली, पाणी उपसलं आणि निघाल्याही. मला न घेता!

"अगं, मी राहिले!"

वल्ही मारणारा उलट्या तोंडाने बसतो, माहीत आहे ना? म्हणजे मी चौघींना अगदी समोर दिसत होते. तरी एकीनेही हात थांबवला नाही. "बाई, नाव पोचवून येताव आम्ही!" महादेवीने आवाज दिला.

आणि पोचवली की! सगळ्यांच्या शेवटी, पण पोचवली. मी पाण्यात उभी राहून टाळ्या पिटत होते आणि रडतही होते, खोटं कशाला सांगू? बायकांची नाव राहिली!

यंदाही उतरतेय. फक्त माझ्या जागी, तोल सांभाळायला म्हणून, पोरींनी तुरीचं पोतं ठेवलंय. ते ओरडत नाही म्हणे. नाव सरळ जाते म्हणे.

जाऊ दे! पण त्या पोत्याला एकदा विचारा तरी, कन्नड येतं का म्हणून!