लठ्ठ पुस्तक, पातळ पुस्तक

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षासाठी गणिताचं पुस्तक निवडायची एक ठरलेली पद्धत आहे. टेबलावर डावीकडे विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठेवायचा, उजवीकडे पुस्तकाची अनुक्रमणिका, आणि एकेका ओळीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत जायचं. ज्या पुस्तकाला जास्त खुणा, ते पुस्तक लागलं. मधलं एखादं पान उघडून वाचून पाहावं असं कुणाच्या मनात येत नाही. चहा येईपर्यंत काम आटोपतं. मुलगी न बघता नुसत्या पत्रिकेवर लग्न ठरवावं, तसला हा प्रकार.

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते आणि बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. मला गणित चांगलं येतं आणि शिकवताही चांगलं येतं. हे सांगताना लाजायचं काय कारण, ते मला अजून कळलेलं नाही. राग लवकर येतो, हेही खरं. या खुणांच्या पद्धतीचा तर मला दरवर्षी नव्यानं राग यायचा, कारण त्या पद्धतीत दरवर्षी एकच पुस्तक जिंकायचं. ते लठ्ठ पुस्तक. उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं जाड, बारीक टाइप, समजावून सांगणं जेमतेम अर्धं पान आणि मग गणितंच गणितं. शेवटी उत्तरं.

आमचे विभागप्रमुख गोंदियातल्या व्यापारी घरातले. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात, त्यांचं त्यांना कळत नाही. लठ्ठ पुस्तकावर त्यांचा फार जीव. "मॅडम, इसमें सब कुछ है," एवढं म्हणून ते विषय संपवायचे.

माझं पुस्तक वेगळं होतं. ते पातळ होतं. प्रकाशकाचा माणूस नागपूरहून नमुन्याच्या प्रती घेऊन आला, त्यात ते मला सापडलं आणि मी ते एका बैठकीत वाचून काढलं. सोपी इंग्रजी, मोठ्या आकृत्या, प्रत्येक गोष्ट का करायची ते आधी सांगितलेलं. गणिताचं पुस्तक वाचताना मला हसू आलं, असं पहिल्यांदाच झालं. पुढच्या वर्षी हे लागलंच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. आमची मुलं दवनीवाड्याकडची, सडक अर्जुनीकडची, धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून आलेली. त्यांना अशा प्रेमानं समजावणारं पुस्तक मिळालं तर ती उडतील, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

फक्त एक पुरावा हवा होता, आणि तो माझ्या समोरच बसलेला होता.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. सडक अर्जुनीची. वडिलांचं हायवेवर ट्रकच्या टायरचं पंक्चरचं दुकान, शिवाय ठेक्यानं केलेली थोडी धानाची शेती. बाकीचे सगळे विषय ती नीट पास व्हायची, पण पहिल्या सेमिस्टरचं गणित राहून गेलं होतं. एकदा नाही, परत परत. लागलेलं लठ्ठ पुस्तक तिनं कधी घेतलंच नव्हतं; तिच्याजवळ गाइड होतं, सगळ्यांजवळ असतं तेच. सोडवलेले पेपर ती घोकून जायची आणि पेपर काढणारा आकडे बदलायचा. नियम असा की पहिल्या वर्षाचा एकही विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. हिवाळी परीक्षेतही ती नापास झाली. आता उरली उन्हाळी.

त्या निकालानंतर तिचे वडील मला भेटायला कॉलेजात आले. हात धुतलेले होते, तरी नखांत काळं होतंच. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मॅडम, पोरगी हुशार हाये म्हणून मी धाडलो," ते म्हणाले. "पण गणितच निघून नाही राहिलं तं कायले रोज बसनं धाडू? या टायमाले नाही निघालं तं घरी बसवतो. दुकानावर बसल, मंग पाहू पुढचं."

पुढचं म्हणजे काय ते मला कळलं, मुलीला तर कळलंच होतं. ती दाराजवळ उभी होती आणि खाली बघत होती. मला भयंकर राग आला. वडिलांचा नाही, ते सरळ माणूस होते. राग आला तो त्या गाइडचा आणि त्या लठ्ठ पुस्तकाचा. मी म्हणाले, "भाऊ, उन्हाळी परीक्षेपर्यंत तिला माझ्यावर सोडा." ते मान डोलावून गेले.

मी तिला पातळ पुस्तक दिलं. म्हटलं, रोज वाच, घरी वाच, कुणाला विचारू नकोस. होस्टेलच्या मुलांना रात्रीबेरात्री विचारायला सीनियर असतात. ही बसमधून उतरली की तिला विचारायला कुणीच नाही. तेव्हा जे पुस्तक तिला एकटीला समजेल, तेच खरं पुस्तक, असा माझा हिशेब होता. हिशेब आजही मी बरोबरच म्हणते.

काही आठवड्यांनी ती आली. चेहरा उजळलेला. "मॅडम, लय मस्त हाये पुस्तक. सगळं समजून राहिलं." मी खूष. म्हटलं, चल, फळ्यावर ये.

धडा होता पार्शल डिफरन्शिएशनचा. त्यात राशी दोन असतात, क्ष आणि य म्हणू. एकीचा बदल मोजताना दुसरी स्थिर आहे असं समजायचं. माझ्या लाडक्या पुस्तकात हे टेकडीची आकृती काढून फार सुंदर समजावलं होतं. तिनंही टेकडी काढली, मला समजावून सांगितली, अगदी पुस्तकासारखी. मग मी क्ष गुणिले य एवढं साधं गणित दिलं. तिनं य स्थिर धरला, स्थिर राशीचा बदल शून्य म्हणून य च्या जागी शून्य लिहिलं, आणि सगळ्याचं उत्तर शून्य. दुसरं दिलं, पुन्हा शून्य. तिसऱ्याला खडू तिच्या हातात तसाच राहिला.

"वाचतो तवा सगळं समजते," ती म्हणाली, "पेन घेतला का काहीच येत नाही." आणि रडायला लागली.

परीक्षा जवळ आली होती. मी सुन्न झाले, आणि सुन्न झाले की माझं तोंड जास्त चालतं. विभागप्रमुखांच्या कपाटातली लठ्ठ पुस्तकाची प्रत काढून मी तिच्यासमोर आपटली. म्हटलं, "घे, हेही बघ. म्हणजे कळेल, याच्यातून तर काहीच येत नाही." खरं सांगायचं तर माझं पुस्तक बरं होतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्या लागल्या. तिच्या घरी उन्हाळी धानाची कापणी सुरू झाली, वडील बांधीत आणि ती दुकानावर. मध्ये तिचा फोन नाही, काही नाही. मी करायला धजत नव्हते. परीक्षेच्या थोडं आधी ती स्वतःच आली. पिशवीत लठ्ठ पुस्तक आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. कागदांना दुकानातल्या ग्रीसचा वास. ती यावेळी हसत नव्हती, पण न विचारता फळ्यापाशी गेली. मी देत गेले आणि ती सोडवत गेली. अडली, पुसलं, पुन्हा लिहिलं. बरोबर.

"तो शून्य कुठं गेला?" मी विचारलं.

"उत्तर जुळून नव्हतं राहिलं, मॅडम. मागं पाहिलं तं य असाच उभा हाये. पहिल्यात नाही समजलं, दुसऱ्यात नाही. मंग ध्यानात आलं, एकटा असला तं शून्य होते, कोणासंग गुणाकारात असला तं नाही होत." मग म्हणाली, "याच्यात एकासारखे एक वीस गणितं हायेत. पहिलं चुकलं तरी पुढचं हाये, ते चुकलं तरी पुढचं हाये. तुमच्या पुस्तकात दोनच. दोन्ही चुकली का पुस्तक संपते."

एका झटक्यात सगळं लख्ख झालं. ते पातळ पुस्तक मला एवढं आवडलं, कारण त्यातलं सगळं मला आधीच येत होतं. येणाऱ्याला समजावणं वाचायला मजा येते. न येणाऱ्याला चुकायला जागा लागते, आणि ती जागा लठ्ठ पुस्तकात पानोपानी होती. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. आनंदच झाला. शिक्षकाला नवं काही कळलं तर आनंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर त्यानं दुसरा धंदा बघावा.

तिची परीक्षा झाली आणि निकालाआधीच आमची पुस्तकाची बैठक आली. विभागप्रमुखांनी अनुक्रमणिका उघडली, पेन्सिल घेतली. मी म्हणाले, "सर, खुणा राहू द्या. लठ्ठ पुस्तकच लावा."

त्यांना वाटलं मी टोमणा मारते आहे. मी त्यांना सगळं सांगितलं आणि माझी अट घातली: पुस्तक तुमचं, तास माझे. निम्मे तास मी शिकवणार, निम्म्या तासांत मुलं वर्गात बसून त्यातली गणितं सोडवतील, चुकतील, मागचं उत्तर बघतील, पुन्हा सोडवतील. मी फक्त बाकांमधून फिरणार. टाइमटेबल तसं बदलून द्या.

"अरे मॅडम, एका नापास पोरीच्या सांगण्यावरून मी टाइमटेबल बदलू?"

"हो," मी म्हणाले. "जे पास होतात ते कोणत्याही पुस्तकानं होतात. पुस्तक लागतं ते हिला."

ते पेन्सिल टेबलावर वाजवत बसले. मग म्हणाले, "ठीक है. निकाल येऊ द्या. पोरगी निघाली तर तास तुमचे. नहीं तो जैसा चल रहा है, चलने दो."

आता तिच्या निकालावर नुसतं तिचं घरी बसणं लटकलेलं नव्हतं. पण खरं तर मला तासांची फिकीर नव्हती. त्या दिवसांत मी भाजी निवडताना, गाडी चालवताना एकाच गोष्टीचा विचार करायची: ही मुलगी दुकानावर बसली तर मी कोणत्या तोंडानं वर्गात जायचं?

निकाल लागला त्या दुपारी फोन तिच्या वडिलांचा आला. मागं ट्रकचे हॉर्न.

"मॅडम, पोरगी कवाची रडून राहिली. बोलतच नाही."

मी घाईनं विचारलं, "निकाल काय आहे, भाऊ?"

"पास हाये ना! निघालं गणित! मंग काऊन रडून राहिली?"

माझाही बांध फुटला. मी रडत रडतच त्यांच्यावर ओरडले, "रडू द्या तिला! आधी सांगायचं ना पास झाली म्हणून!" ते हसायला लागले. म्हणाले, "तुम्ही शिकवल्या मॅडम, म्हणून निघालं." मी म्हटलं, "नाही भाऊ. माझ्या पुस्तकानं ती बुडाली असती. तिनं ते एकटीनं सोडवलं, तुमच्या दुकानावर बसून. आता तिला कॉलेजातून काढायचं नाव घेऊ नका."

"घ्या, तिच्यासंगच बोला," ते म्हणाले. मग फोनवर ती आली, नाक ओढत.

"मॅडम, थर्ड इयरले गणित हाये का?"

"आहे. आणि अवघड आहे."

"पुस्तकाचं नाव सांगा फक्त," ती म्हणाली. "बाकी मी पाहतो."