आईच्या हाडाचं गणित

रखमाजीमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, वलवणचे हाडवैद्य. त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं ते असं: मडकं पोत्यात घालून फोडायचं, आणि पोतं न सोडता वरून चाचपत खापरं जुळवायला लावायची. दोन वर्षं हेच. पुढं खंडाळ्यापासून आंबीपर्यंतची माणसं मोडके हातपाय घेऊन त्यांच्या ओट्यावर यायला लागली. मामा डोळे मिटून बोटं फिरवत आणि बांबूच्या कामट्या बांधत. आज मी हे कौतुकानं सांगतोय, पण तेव्हा मला त्या ओट्याची लाज वाटायची. मी पुण्याला कॉम्प्युटरची कार्डं पंच करायचो ना! लय शहाणा झालो होतो.

त्र्याहत्तर साली माझी आई मुक्ताबाई गोठ्यात घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. मामांनी बांधलं. तीन महिने झाले तरी ते म्हणत, "उठू नगंस, आक्का." आई पडून पडून रडकुंडीला आली होती. मी तिला लोणावळ्यात नेऊन एक्स-रे काढला.

आमच्या ऑफिसात तेव्हा एक साहेब हाड किती वजनाला कुठं मोडेल, याचं गणित मांडत होते. कागदावर हाडाचे बारीक तुकडे पाडायचे, एकेका तुकड्याचं एकेक कार्ड, आणि खरं हाड न मोडता कॉम्प्युटरमध्ये मोडून बघायचं. मी आईचा एक्स-रे पुढं केला. साहेब म्हणाले, "घालू या. पण हे प्रयोगापुरतं हं, याच्या भरवशावर आईंना चालवू नका. वय काय त्यांचं? वयानं हाड ठिसूळ होतं."

वय! आमच्यात वय कोण लिहून ठेवतंय? आई एवढंच सांगायची, की वलवणच्या धरणाची भिंत चढत होती तेव्हा ती गुरं वळायला जायची. त्याला साठ वर्षं झाली, म्हणजे आई पासष्टीच्या पुढंच. पण साहेबासमोर धरणाची गोष्ट कशी सांगायची? अडाण्याचा पोर दिसलो असतो. "पंचेचाळीस," मी ठोकून दिलं आणि तेच कार्डावर पंच केलं.

कागद निघाला. चालण्याचं वजन हाड पेलेल म्हणे.

तो कागद मी ओट्यावर चारचौघांत वाचून दाखवला. साहेबांनी बजावलेलं तेवढं गिळलं. मामा मग म्हणाले, "हाताला अजून कच्चं लागतंय. पर मशीन म्हनतंय तर... आमी अडानी मानसं." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी आईच्या कामट्या सोडल्या.

तिसऱ्या दिवशी आई चुलीपासून दाराकडं निघाली आणि मधेच कोसळली. कशाला अडखळली नाही, घसरली नाही. हाड त्याच जागी पुन्हा मोडलं होतं.

मामा धावत आले. चाचपलं, आणि ढसाढसा रडले. "माज्याच हाताचं चुकलं रं! मशीन खोटं कशाला बोलंल? मीच वाकडं बसवलं आसंल."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक आकडा सांगायचा होता, बस्स. आई परत कधी चालली नाही, आणि मी मेल्यानं तिलासुद्धा सांगितलं नाही.

त्यानंतर मामांनी कुणाचं हाड धरलं नाही. आंबीचा गेणू मोडका हात घेऊन आला, तर त्याला ओट्यावर बसूही दिलं नाही. "माज्या हाताचा भरवसा न्हाई आता," म्हणाले. "लोणावळ्याच्या दवाखान्यात जा. ह्यो आमचा भाचा नेईल तुला. त्याला समदं कळतं."

मी मान डोलावली आणि गेणूला घेऊन निघालो.