पातेलं धुतलं का?

वाईनच्या वर्गात मी सगळ्यात आधी थुंकायला शिकवायचो. घोट तोंडात फिरवा, चव ध्यानात घ्या आणि समोरच्या भांड्यात टाका. गिळलीच पाहिजे असं काही नाही. लोक लाजायचे, मग शिकायचे. त्या दुपारी एकजण फारच चांगला शिकला.

मी कॉलेजपासून चळवळीची पत्रकं लिहितो. हे दुसरं ज्ञान नाशिककडं एका वायनरीत ग्लास धुता धुता मिळालं. परत आलो तर येरमाळ्याच्या पुढं, हायवेलगत, एका द्राक्षबागायतदारानं हॉल बांधलेला. त्यानं मला शिकवायला ठेवलं. आमचे कार्यकर्ते विचारायचे, क्रांती आता ग्लासातून येणार का? येऊ दे की, कुठूनही येऊ दे.

मालकाला वाईनसोबत चीज हवं होतं. मी म्हणालो, चीज पुण्यात मिळतं, इथं वजडी द्या. लाल वाईन तुरट असते; बोकडाच्या आतड्याची चरबी तो तुरटपणा मारते आणि येसर मसाल्याचा भाजका वास तिला शोभतो. वजडी माझ्या मायनं केली. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची, हा तिचा नियम.

पंचवीसेक पाहुणे होते. एका खडी क्रशरवाल्यानं दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली आणि हट्टच धरला की करणाऱ्या बाईला बाहेर बोलवा. माय पदराला हात पुसत आली. मला छाती फुगल्यासारखं झालं.

"मावशी, हात लई भारी तुमचा. कुठल्या तुम्ही?"

"ईटच्या."

"ईटात कुणाच्या?"

या प्रश्नाचा अर्थ आमच्या जिल्ह्यात पोरासोरांनाही कळतो. माय सरळ म्हणाली, "विहाराजवळचं घर आमचं. आमी बौद्ध."

क्रशरवाल्यानं वाईनचा मोठा घोट घेतला, खळखळून चूळ भरली. थुंकायचं भांडं त्याच्या पुढ्यातच होतं. तो उठला आणि वाढायच्या टेबलावरच्या मायच्या वजडीच्या पातेल्यात थुंकला. मग मालकाला म्हणाला, आधी सांगायचं ना शेठ.

माझ्या हातात बाटली होती. ती मी त्याच्या खांद्यावर फोडली. याचं मला वाईट वाटत नाही, आणि वाटतं असं मी कुठं लिहूनही देणार नाही.

त्याच्या दोघा माणसांनी मला फुटलेल्या काचांवर पाडलं. बुटाच्या लाथा बरगडीत बसत होत्या. फरशीवर वाईन किती आणि माझं रक्त किती, बघणाऱ्यांना कळत नव्हतं, आणि बघणारे नुसते बघतच होते. एकजण पातेलं ओढायला गेला. मायनं ते छातीशी धरलं. त्यानं तिच्या हातावर ग्लासांचा लाकडी ट्रे हाणला, बोट मोडलं, तरी तिनं सोडलं नाही.

मालक मधे पडला तो मला माफी मागायला सांगायला. म्हणाला, मी मिटवतो.

"मिटवायचं न्हाय," माय म्हणाली. "ह्येनं पातेलं धुवावं. इथं, समद्यांपुढं. मग आमी जातो."

क्रशरवाला हसला.

माय तसंच पातेलं घेऊन टमटमीत बसली, मला पुढं घालून. ठाण्यात हवालदार म्हणाला, आधी तुझ्यावर गुन्हा, बाटली तू मारलीस. म्हटलं लिहा, पण दोन्ही लिहा. त्यांनी टोलवाटोलवी केली. मग मला टोमणे मारणारे तेच कार्यकर्ते आले, आवार भरून टाकलं, आणि क्रशरवाल्यावर ॲट्रॉसिटी लागली. पातेलं मुद्देमालात जमा झालं.

आता गावातली मोठी माणसं समेटाला येतात. मालकाचाही निरोप आला: वर्ग चालू करू, चीज ठेवू, आईला मात्र आणू नको. मी गेलो नाही.

माय सगळ्यांना चहा देते. ते त्या क्रशरवाल्याच्या पोराबाळांचं सांगतात, झालं गेलं विसरा म्हणतात. ती वाकड्या बोटानं कप पुढं सारते आणि एकच विचारते, "पातेलं धुतलं का त्यानं?"

ते एकमेकांकडं बघतात आणि चहा पितात.