खिचडी खाणाऱ्यांची तोंडं

शाळा समितीच्या अध्यक्षांच्या पोरानं खिचडीचा घास ताटाबाहेर थुंकला आणि अख्खी पंगत माझ्या आईकडं बघायला लागली. आई हातात डाव घेऊन उभी.

शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. आम्ही बौद्ध. शाळेत खिचडी शिजवायचं काम आईला मिळालं आणि त्याच दिवशी माझी भूक मेली. पोरांनी खाल्लं नाही तर आईचं काम जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी चौथीत. सगळे जेवायचे, मी तोंडं बघायचे. कुणी नाक मुरडतंय का, कुणाची भुवई चढतेय का. हसणारी पोरं मला दिसायचीच नाहीत. वर्गातही तेच. गुरुजी फळ्यावर भागाकार मांडायचे, मी त्यांचा जबडा बघत बसायचे. ते नुसते गप्प असले तरी मला वाटायचं, रागावलेत. "माझ्या तोंडावर लिवलंय का उत्तर?" म्हणत छडी मारायचे. वर्ग खिदळायचा. मठ्ठ हे माझं नावच पडलं.

त्या दिवशी पोरगा थुंकला तेव्हा अध्यक्ष वऱ्हांड्यातच उभे होते. आईला म्हणाले, "ए बाई, उद्यापासनं तू निस्ती भांडी घासायची. शिजवायचं आमी बघतो."

"व्हय, अण्णा." आईनं मान खाली घातली.

मी उठले.

"त्यानं दोनदा मागून खाल्ली. तुमी आल्यावर तुमच्याकडं बघितलं, मंग थुंकला."

गुरुजींनी तोंड फिरवलं. आईनंच माझ्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या दिवसापासून ती भांडी घासायला लागली. खरं बोलून काडीचाही उपयोग झाला नाही.

आज मी सरकारी कचेरीत नोकरी करते. साहेब आत आले की माझे डोळे आधी त्यांच्या कपाळाकडं जातात. हातातली फाईल तशीच राहते. कितीही ठरवलं तरी डोळे ऐकत नाहीत. याची मला भयंकर चीड येते. ही खोड माझ्या अंगात कुणी घातली ते मला चांगलं ठाऊक आहे.

ती बहुतेक जन्मभर जाणार नाही. काल मीटिंगमध्ये बोलायला उठले आणि साहेबांच्या कपाळावर आठी दिसली. पण थांबले नाही. यापुढंही थांबणार नाही. आठी पडू दे, नाहीतर नोकरी जाऊ दे. माझं बोलणं मी पुरं करणार.