पेंटरच्या नाकाचा निकाल

गॅरेजात त्याला सगळे पेंटर म्हणत, आणि बायको रागावली की घरीही 'अहो पेंटर' अशीच हाक यायची. ठोकलेल्या गाडीचं दार तो असं रंगवून द्यायचा की नेमकं कुठे लागलं होतं ते मालकालाही सापडू नये. डोळा तीक्ष्ण, हात हलका, नाक मात्र नावालाच. वर्षानुवर्षं थिनरच्या वाफेत तोंडाला नुसता रुमाल बांधून उभं राहिल्यावर बिचारं नाक तरी किती साथ देणार? ते हळूहळू गेलं आणि या गड्याने घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मास्क घाला म्हणून बायको कधीची कानीकपाळी ओरडत होती. आता कबूल करायचं म्हणजे तिच्या हाती आयतं कोलीत द्यायचं. त्यापेक्षा शेजारी शेगडीवर दूध करपलं तर "विचारात होतो" म्हणायचं आणि जेवायला बसताना "काय वास सुटलाय" म्हणायचं. निभत होतं.

पण त्याची लेक मोठी होऊ लागली आणि व्हॉलीबॉल खेळू लागली.

संध्याकाळी सराव आटोपून ती यायची ती थेट सोफ्यावर आडवी व्हायची. आई खिडकी उघडायची.

"अगं, आधी अंघोळ कर. अंगाला वास येतोय आता."

"तुला कशाचाही वास येतो," असं म्हणून लेक न्याय मागायला बापाकडे वळायची. "बाबा, तुम्ही सांगा. येतोय का?"

पेंटर वाकायचा, गंभीर चेहऱ्याने हुंगायचा आणि म्हणायचा, "छे. काही नाही."

यात खोटं असं काहीच नव्हतं. लेक खटला जिंकायची, आई कपाळावर हात मारून घ्यायची, आणि तिने हौसेने आणलेली डिओची बाटली कपाटात तशीच पडून राहायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण शाळेचा संघ सामन्यांसाठी परगावी निघाला. सगळ्या मुली एकाच हॉलमध्ये झोपणार होत्या. निघायच्या आदल्या दिवशी बायकोने पेंटरला स्वयंपाकघरात गाठलं.

"खेळाच्या बाईंचा फोन आला होता. मुली हिच्यापासून लांब सरकून बसतात म्हणे. अजून तोंडावर कुणी बोललेलं नाही, पण तिकडे गेल्यावर बोलतीलच. माझं ती ऐकत नाही, तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. का हो असं पाठीशी घालता तिला?"

पेंटर लाडाने असं करतो, हा बायकोचा समज आजवर त्याच्या पथ्यावर पडला होता. पण त्याच्या गेलेल्या नाकाच्या भरवशावर पोर चारचौघींत जाणार होती, आणि हसं तिचं होणार होतं.

लेक खोलीत बॅग भरत होती. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि लांबून सुरुवात केली. "गंजलेल्या पत्र्यावर नुसता रंग मारला तर काय होतं?"

"सोलतो. तुम्हीच सांगता की."

"म्हणून आधी घासायचं, धुवायचं, कोरडं करायचं. मग पातळसा हात फिरवायचा. काखेतही तसंच."

लेकीने मान वर केली. "बाबा, मी काय गाडी आहे?"

"नाहीस. गाडी उलट उत्तर देत नाही." मग तो जरा सरळ बसला. "अगं, घाम सगळ्यांनाच येतो. तुझ्या वयात त्याला वास येऊ लागतो एवढंच. त्यात लाजायचं काही नाही."

"पण तुम्हीच तर म्हणायचात, येत नाही म्हणून."

"मला येत नाही," पेंटर म्हणाला. "कशाचाच येत नाही. थिनरने नाक गेलंय माझं. तुझा निकाल मी उगाच देत होतो. आईचं नाक खरं."

दारात आई उभी होती. कोलीत हातात आलं, तरी तिने ते वापरलं नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

लेकीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बाकी सगळ्यांना येत होता?"

"थोडासा."

तिने आईकडे पाहिलं.

"खिडकी उघडण्याइतका," आई म्हणाली.

लेकीला रडू येणार होतं, पण मध्येच हसू फुटलं आणि दोन्ही एकदमच बाहेर आलं. नाक पुसून तिने फर्मान काढलं. "मी रोज अंघोळ करीन, ते डिओपण लावीन. पण तुम्ही उद्यापासून मास्क लावायचा. मी तिकडून फोन करून आईला विचारणार आहे."

"कबूल," पेंटर निमूटपणे म्हणाला.

टॉवेल आणि बाटली घेऊन ती निघाली आणि न्हाणीघराच्या दाराशी थांबली.

"बाबा, आई सांगते, मी तान्ही असताना तुम्ही कामावरून आलात की हातपाय धुऊन आधी माझी टाळू हुंगायचात. ते पण उगाचच होतं?"

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा येत होता. आता बाकीचे वास मला आठवतसुद्धा नाहीत. तो आठवतो."