शालीतलं राखाडी पान

रफूकाकांची एक ठरलेली रीत होती. रीळ कितीही जुळतंय असं वाटलं, तरी त्यातला एकच धागा ओढायचा, कापडावर आडवा टाकायचा, खिडकीपाशी नेऊन बघायचा आणि मगच सुई हातात घ्यायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की काका म्हणत, "रिळावर तो रिळासारखा दिसतो. कापडावर गेल्यावर काय म्हणतो ते बघू."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांना एकच धाकधूक होती, रंग ओळखता नाही आले तर? पण पट्टी निघाली आणि सगळं धुऊन काढल्यासारखं लख्ख दिसू लागलं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. पहिलंच काम थोरल्या बहिणीच्या शालीचं आलं. लाल आणि हिरवे पट्टे, त्यांवर राखाडी पानं. हिरव्या पट्ट्यातल्या एका पानाला भोक पडलं होतं. पानात गुलाबी झाक दिसली, तशी नव्या डोळ्याच्या तोऱ्यात काकांनी फळीवरचं गुलाबीसर रीळ उचललं आणि रफू उरकूनच टाकलं.

शाल झटकून पाहिली, तर पानावर गुलाबी डाग पडल्यासारखं रफू उठून दिसत होतं.

काका मटकन खुर्चीत बसले. "संपलं. आता दुकानाला कुलूप घालू या."

काकू शेजारीच एका सदऱ्याला बटणं लावत होत्या. त्यांनी शाल ओढून घेतली. "बाकीचं पानही गुलाबीसरच आहे की थोडं."

"तुलाही तसंच दिसतंय?"

"हो. आता माझं ऑपरेशन कधी झालं तेवढं सांगा!"

काका उठले आणि पांढऱ्या कापडाचे तुकडे घेऊन त्यांनी पानाभोवतीचा हिरवा पट्टा झाकला. गुलाबी झाक गेली, उरलं साधं राखाडी पान. लाल पट्ट्यावरची पानं जरा हिरवट वाटत होती. तिथंही झाकून पाहिलं, तर तसंच साधं राखाडी.

"अगं, पान एकच आहे. शेजार बदलला की वेगळं दिसतंय."

"त्यात काय नवल? तुमच्या भावांच्या शेजारी बसलात की तुम्हीसुद्धा शहाणे दिसता."

काका खो खो हसले. गुलाबी धागे उसवले, साध्या राखाडी रिळातला एक धागा ओढून पानावर टाकला, खिडकीपाशी नेला. धागा पानात मिसळून गेला. मग निवांत रफू केलं.

संध्याकाळी ताई आली. "कुठं रे केलंस?"

काका ऐटीत बोट ठेवायला गेले. बोट या पानावरून त्या पानावर, तिथून पुढच्या पानावर फिरत राहिलं.

"अगं बाई, याला अजून दिसतच नाही!" ताई घाबरली.

शेवटी शाल उलटी केली, तेव्हा कुठे धाग्याची टोकं सापडली. काकांचा चेहरा खुलला.

"मग, कुलूप घालायचं ना?" काकूंनी विचारलं.

"घालू की. दुकान बंद करायची वेळ झाली की. रोजच्यासारखं."